शाळेला सोडलेली कोकरं

कुणी तोंडावर कौतुक करायला लागलं की म्हस्कू आबा उपरण्याचा शेव नाकाला लावायचे. लाजून नव्हे. जवळपास कुठंतरी कुत्रं मरून पडलंय आणि वारा आपल्या अंगावर फिरलाय, अशा चेहऱ्यानं. एकदा त्यांना सत्कारासाठी स्टेजवर अक्षरशः ओढत नेलं, तर अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत तो शेव खाली आला नाही. फोटोग्राफर खालून "आबा, तोंड दिसू द्या की" म्हणून ओरडत होता. तो फोटो आमच्या शाळेच्या ऑफिसात अजून लावलेला आहे. त्यात अध्यक्षांचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात आणि आबांचे फक्त डोळे. शाळेतली पोरं आबांची हुबेहूब नक्कल करायची. वर्गात कुणी फुशारकी मारली की अख्खा बाक रुमाल, ओढण्या, शर्टाच्या कॉलरी नाकाला लावून बसायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच नाकामुळं. मी शिरूरच्या पेठेतला, कापडदुकानदाराचा मुलगा. नोकरी लागली ती शिरूरहून दौंडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, वसतिगृह असलेल्या शाळेत, विज्ञान शिकवायला. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक म्हातारा येऊन बाकावर बसला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, तोंडात तंबाखू, आणि अंगाला मेंढरांचा असा वास की माझ्या डब्यातली भाजी मला नकोशी झाली. मी उठून खिडकी उघडली. म्हातारा म्हणाला, "उघडा मास्तर, पलीकडची बी उघडा. ह्यो वास धुतला की जातो." मग तंबाखूची पिंक बरोब्बर खिडकीबाहेर टाकून म्हणाला, "न जाणारा वास येगळा आसतो. शाळंत हायसा, कळंल हळूहळू." मी ओशाळलो, पण खिडकी लावली नाही.

हा म्हातारा वसतिगृहाच्या कामासाठी आला होता, हे मला नंतर कळलं. गावाच्या कडेला धनगरवाडी आहे. तिथली बरीचशी कुटुंबं आता ऊस-कांदा करतात, पण काही घरांत अजून मेंढरं आहेत. दिवाळी झाली की ती माणसं कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या पोरांना वसतिगृहात जागा मिळाली तर शाळा, नाही मिळाली तर कळपामागं चालणं. मुलगी असेल तर चालता चालता लग्न. सरकारी मान्यतेच्या जागा मोजक्याच होत्या. वरच्या दहाबारा जागांचा खर्च गावानं उचलायचा होता, आणि गावानं म्हणजे आबांनी. शाळेची पायरी जन्मात कधी विद्यार्थी म्हणून न चढलेल्या या माणसानं त्यासाठी एक रीत घातली होती.

देवाला कोकरू सोडायची चाल त्या लोकांत जुनीच. सोडलं की ते घरच्या कळपातच वाढतं, पण ते देवाचं. त्याला कुणी विकत नाही, कापत नाही. आबांनी वाडीवर सांगितलं, "देवाला सोडता तसं एक शाळंला सोडा." ज्याला जमेल त्यानं दिवाळीआधी एक नर कोकरू निवडायचं, आबा त्याच्या डाव्या कानाला बारीकसा काप द्यायचे, आणि ते कळपाबरोबर कोकण पाहून यायचं. जूनमध्ये कळप परतले की ही कानकापी जनावरं शाळेच्या मागं आणून बांधायची, शिरूरच्या बाजारात विकायची, आणि एका जनावरामागं एका पोराची जागा धरायची. वाटेत मेलं तर धन्यानं दुसरं द्यायचं. राखणदाराच्या हातून गेलं तर राखणदारानं भरायचं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत कुणी मोडलं नव्हतं.

एक अट मात्र आबांची स्वतःची होती. कुणाच्या कोकरावर कुणाची जागा धरली, ते फक्त त्यांना ठाऊक असायचं. मी एकदा विचारलं तर माझ्यावर खेकसले. "कशाला पायजे तुमाला? पोराला कळलं आपुन ह्याच्या मेंढरावर शिकतोय, की जलमभर त्या घराम्होरनं मान खाली घालून जानार त्ये. मंग शिकून तरी काय उपेग?" शिक्षणशास्त्राच्या पदवीत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आबा काही देवमाणूस नव्हते, तसा समज नको. चिक्कू होते. बायकोचं एक वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. बांधावरून सख्ख्या पुतण्याशी त्यांनी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. सगळे मला 'सर' म्हणायचे, हे मुद्दाम 'मास्तर' म्हणायचे. पण एका गोष्टीत त्यांचं नाक पक्कं होतं. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये कुणी स्वतःचं तोंड घातलं की त्यांना तिडीक यायची.

आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे अंगभर तोंडच. शाळेच्या फाटकापासून मुतारीपर्यंत त्यांचे फ्लेक्स होते. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की देणगीदारांचा मेळावा घ्यावा. बाहेरचे चारदोन व्यापारी, बागाईतदार बोलावले, त्यांनीही काही जागा घेतल्या, इथवर ठीक. पण कार्यक्रमाच्या दिवशी वसतिगृहातली पोरं स्टेजवर ओळीनं उभी केली आणि प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली. जागा कुणाचीही असो, पाटीवर कुठल्यातरी देणगीदाराचं नाव. मुलानं पाटीवरच्या माणसाच्या पाया पडायचं आणि फोटो काढायचा. पाट्या मी लिहिल्या होत्या, माझं अक्षर चांगलं म्हणून. आबा मंडपाच्या टोकाला बसले होते. ते उठले, काठी टेकत स्टेजवर चढले आणि एकेका पोराच्या गळ्यातली पाटी काढायला लागले. अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "आबा, अहो कार्यक्रम चालू आहे." आबा वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "मेंढराच्या गळ्यात बी आमी पाटी बांधत न्हाई, सायेब. वळखीची खून करायची तर कानाला करतो, ती बी बारीक." सगळ्या पाट्या काखेत मारून ते खाली उतरले. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "आक्षर बाकी झ्याक हाय मास्तर." मला तोंड कुठं लपवावं कळेना.

त्या ओळीत साक्षी होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. तेव्हा ती सातवीत होती. काळीसावळी, किडकिडीत, आणि प्रश्न विचारून माझा जीव खाणारी. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती हे पुस्तकात वाचून तिनं मेंढीच्या काळजाचे कप्पे सुट्टीत कोकणात जाऊन स्वतः मोजून आणले होते. तिचे आईवडील कळपामागं. थोरल्या बहिणीला जागा मिळाली नव्हती, तिचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं. साक्षीची जागा दरवर्षी आबांच्या यादीतूनच यायची. मे महिन्याच्या सुट्टीत तिचा एकच निरोप असायचा, कुणाच्याही फोनवरून: "सर, माझी जागा हाय ना?"

ती आठवीतून नववीत गेली त्या जूनची गोष्ट. शाळा उघडून चार दिवस झाले होते. कळप परतले होते आणि दहा कानकापी जनावरं वसतिगृहामागं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, बाजाराची वाट बघत होती. राखणीला आबा. बाजार शनिवारी. आणि अध्यक्षांनी गुरुवारी आणली एका कंपनीची माणसं. कंपनी म्हणे वसतिगृहाच्या सगळ्या जागांचा भार एकदम उचलणार होती. फक्त बघून जाणार, बोलणार, जेवणार.

सकाळी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "सर, जेवणाचं तुमच्याकडं. मटण-भाकरी. बाहेरून जनावरं आणत बसू नका, मागं आहेत ना उभी." मी म्हटलं, "ती जागांची आहेत साहेब." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, कंपनीनं एकदा हो म्हटलं की कोकरांची गरजच काय? दोन गेली तर काय बिघडतं?"

मी काय केलं? मी मान हलवली. कायम होण्याचा माझा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता, हे कारण मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण खरं कारण तेवढंसुद्धा मोठं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि मान आपोआप हलते. आबांना मी दुपारी वाडीवर पाठवून दिलं, "माणसांना कार्यक्रमाला घेऊन या" म्हणून. म्हणजे वाघरीजवळून हटवलं. आचाऱ्यानं दोन नव्हे, पाच घेतली. निवडून, धष्टपुष्ट पाच. मटण बाजारातून आणलंय, असं मी मुलांना आणि वाडीवरच्यांना सांगितलं.

संध्याकाळी काय थाट होता! पाहुण्यांना फेटे. अध्यक्षांच्या भाषणात "वंचितांच्या पंखांना बळ" तीनदा आलं. कंपनीच्या माणसानं हिंदीत "बहुत अच्छा लगा" म्हटलं. मग पंगत. वाढायला वसतिगृहाच्या मुली, गणवेशात, डोक्याला पांढरे रुमाल बांधून. रस्सा झणझणीत होता. मी पोटभर जेवलो, हे लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटून मग शिसारी येते. साक्षी बादली घेऊन माझ्यासमोर आली. "सर, अजून घ्या की." मी ताट पुढं केलं. तिनं पळीनं ढवळून, शोधून, एक नळी माझ्या ताटात टाकली. आपल्या सरांना चांगली नळी द्यावी, एवढीच त्यात तिची माया. मी ती ताटावर आपटून आतला मगज चोखला. मुलींना नंतर उरलेला रस्सा मिळाला. फोडी संपल्या होत्या.

मी हात धुवायला उठणार तोच आबा पंगतीतून चालत आले. वाडीवरून आल्याबरोबर ते सवयीनं वाघरीकडं गेले होते. ते जनावरं कधी मोजायचे नाहीत. "मेंढरू मोजायचं नसतंय, वळखायचं असतंय," म्हणायचे. तिथं पाच तोंडं दिसली नाहीत आणि स्वयंपाकघरामागं उकिरड्यावर काय दिसलं ते वेगळं सांगायला नको. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"रस्सा जमलाय का, मास्तर?"

"आबा, बसा ना, तुम्हीही..."

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पाच कान होते. मातीनं आणि रक्तानं माखलेले. प्रत्येकाला तो बारीक काप.

आवाज न चढवता आबा म्हणाले, "कुनाच्या जागा खाल्ल्या त्ये सांगत न्हाई तुमाला. सांगितलं तर ती पोर फुडं आली की तुमी तिच्या तोंडाकडं बगायचं न्हाई. आन् तिला कळलं तर ती तुमच्या तोंडाकडं बगंल." मग त्यांनी मूठ मिटली आणि उपरण्याचा शेव नाकाला लावला. मी उठून कुंपणाशी जाऊन सगळं ओकलो. ओकून ते परत येत नाही.

कंपनीची माणसं फेटे घालून गेली ती गेलीच. महिन्याभरानं त्यांच्याकडून एक पाण्याची टाकी आली, कंपनीचं नाव रंगवलेली. जागांचा विषय पुन्हा निघाला नाही.

शनिवारी बाजारात पाचच जनावरं गेली. राहिलेल्या पाच जागांचं काय, म्हणून वाडीची माणसं आबांच्या दारात जमली. मी तिथं होतो. आबा सगळं सांगतील, मग माझी आणि अध्यक्षांची धिंड निघेल, अशी माझी खात्री होती. खरं सांगू? मला तसं झालेलं हवं होतं. आबांनी उपरण्याचा शेव नाकाला लावला आणि त्यातूनच म्हणाले, "लांडग्यानं न्हेली. माजा डोळा लागला."

एक म्हातारी म्हणाली, "पाच? आन् तुज्या राखनीत?" धनगराच्या राखणीतून लांडग्यानं पाच न्यावीत, यापरती त्याची नाचक्की नाही. कुणी म्हणालं पंचनामा करा, वनखातं भरपाई देतं. आबांनी नको म्हटलं. मग त्या नको म्हणण्याचाच संशय आला. मागं कुजबुज झाली की लांडगा कसला, म्हाताऱ्यानंच विकून खाल्ली असतील. मी ते ऐकलं. मी ते दोन हातांच्या अंतरावरून ऐकलं आणि गप्प राहिलो.

रीत मोडायची नव्हती. राखणदाराच्या हातून गेलं, राखणदारानं भरायचं. आबांकडं तेव्हा घरची सहा मेंढरं उरली होती, म्हातारपणाची सोबत म्हणून ठेवलेली. त्यातली पाच त्यांनी पुढच्या बाजारात उभी केली. पाचही जागा भरल्या. साक्षी नववीत बसली, आणि पहिल्याच तासाला मला विचारलं, "सर, मगजात पेशी असतात का?" मी फळ्याकडं तोंड करून उत्तर दिलं.

मी आबांकडं पैसे घेऊन गेलो होतो. ते गोठ्यात एकटी राहिलेली मेंढी बघत बसले होते. एकटी मेंढी चारा खात नाही, नुसती ओरडते. मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर काय झालं आसतं? सायबाला चार शिव्या बसल्या आसत्या, तुमाला दोन. आन् वाडीवरच्या एका बी मानसानं फुडल्या साली शाळंला कोकरू सोडलं नसतं. मंग? पोरींस्नी न्यायचं का कोकनात?" पैशांकडं त्यांनी बघितलंही नाही. "त्ये खिशात घाला. लईच जीव जळत आसंल तर एक कोकरू पाळा. सोता. त्याचा वास अंगाला लागू द्या. आन् जूनमधी आनून बांधा."

मी हो म्हटलं. पाळलं नाही. शिरूरला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, वगैरे.

त्यानंतर आबा शाळेत येत राहिले, कानांना काप देत राहिले, पण राखणीला लोकांनी दुसरा माणूस नेमला. आबा वाघरीबाहेर बसायचे. पोरंटोरं जाता येता "आबा, लांडगा आला" म्हणून पळायची. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. मी कायम झालो. पुढं पर्यवेक्षकही झालो.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. शाळेत शोकसभा झाली, कारण अध्यक्षांना शोकसभा आवडतात. "आबांच्या नावानं आपण देणगी योजना सुरू करतोय," ते म्हणाले आणि रुमालानं डोळे टिपले. मला त्या रुमालाची, त्या आवाजाची, समोरच्या पाण्याच्या टाकीची किळस आली. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. उभा राहिलो आणि आबांच्या नाकाचे किस्से सांगितले. लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता लांडग्याला रान मोकळं," त्यालाही लोक हसले. मी नमस्कार करून खाली बसलो.

सभा संपल्यावर साक्षी भेटायला आली. आता ती पुण्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाया पडली. म्हणाली, "सर, तुम्ही छान बोललात. पण एक विचारू? आबांचा खरंच डोळा लागला होता? मला कधी पटलंच नाही ते."

इतक्या वर्षांनी, शाळेच्या फाटकापाशी, त्या एका पोरीला मी सांगितलं. लांडगा नव्हता. आम्ही खाल्ली. त्या गुरुवारी.

ती हळूच म्हणाली, "मी वाढलं होतं तुम्हाला. नळी वाढली होती."

मी हो म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि बघता बघता ओढणीचा शेव नाकाला लावला.